डॉपलर कुणाचा करायचा?

शेजारच्या सूनबाईला सातवा महिना लागला आहे. वय चोवीस, बीपी 110/70, साखर नॉर्मल, हिमोग्लोबिन साडेअकरा, बाळाची वाढ तारखेला धरून. तिच्या फायलीत महिन्याभरातले तीन कलर डॉपलर निघाले आणि तिन्ही रिपोर्टांचा शेवट एकच : बाळाचा आणि वारेचा रक्तप्रवाह ठीक. त्या फायलीवरून आमच्या घरात जो वाद पेटला, तो ताटं सुकली तरी संपेना.

वाद घालणाऱ्या दोघीही डॉक्टर. मावशी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रसूतिगृह चालवते. ताई पुण्यात फीटल मेडिसिनचं, म्हणजे गर्भातल्या बाळाच्या तपासणीचं काम करते. मावशीकडेही सोनोग्राफीचं मशीन आहे, त्यामुळे ती यंत्राला भिते असा कुणाचा समज असेल तर तो सोडावा. माझ्याकडे काम होतं ते ऐकायचं, मधूनमधून अडाणी प्रश्न विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

मावशी : या पोरीचा डॉपलर एकदा तरी कशाला करायचा, ते सांग. तीनदाचं नंतर बघू.

ताई : एकदा केला तर मी भांडणार नाही. पुढचे दोन का केले, ते लिहून देणाऱ्याला विचार.

मावशी : मी सांगते ना. पॅकेज असतं म्हणून. 'कलर' म्हटलं की घरच्यांना वाटतं साध्यापेक्षा भारी तपासणी झाली. आणि चिठ्ठी कुणी लिहिली, कट कुणाला गेला, ते तुला ठाऊक आहे. राज्य सरकारनं 2017 साली कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता. मसुदा!

ताई : कट चालतो म्हणून तपासणी खोटी ठरते का? मग रक्त-लघवी पण बंद कर.

इथे मी पहिला अडाणी प्रश्न विचारला : डॉपलरमध्ये नेमकं दिसतं काय? ताईनं मोबाइल काढला आणि दोन रिपोर्टांवरचे आलेख शेजारी शेजारी धरले, नावं झाकून.

पहिल्या चित्रात खालच्या आडव्या रेषेवर एकामागोमाग एक शिखरं उभी होती. बाळाचं हृदय आकुंचन पावलं की नाळेतल्या धमनीत रक्त वेगानं धावतं, ते शिखर. हृदय सैलावलं की वेग उतरतो, पण रक्त थांबत नाही. म्हणून दोन शिखरांमधली जागाही भरलेली होती. दुसऱ्या चित्रात शिखरं तशीच होती, मधली जागा मात्र रिकामी. आलेख आडव्या रेषेला टेकून पुढचा ठोका पडेपर्यंत तिथंच पडून राहत होता. ताईनं आणखी एक चित्र दाखवलं. त्यात दर शिखरानंतर एक छोटा काळा त्रिकोण रेषेच्या खाली उतरला होता. म्हणजे बाळाकडून वारेकडे निघालेलं रक्त दर ठोक्यागणिक थोडं मागे फिरत होतं.

मावशी : वारेत लाखो बारीक वाहिन्या असतात. पाटात गाळ बसत गेला की पाणी आधी हळू होतं, मग तुंबतं, मग उलटं येतं. तसंच हे.

ताई : बघ, तूच माझी बाजू मांडतेस. हे हाताला लागतं का?

मावशी : हे नाही लागत. पण हे होण्याआधीचं बरंच काही लागतं.

ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉपलरनं 1842 साली प्रागमध्ये जो निबंध वाचला, तो जोडताऱ्यांच्या रंगाविषयी होता. पोटातल्या बाळाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट यानं रेल्वेच्या डब्यात कर्णे वाजवणारे बसवले, रुळांशेजारी सुरांचे पक्के जाणकार उभे केले आणि जवळ येणारा सूर चढा, लांब जाणारा उतरलेला ऐकू येतो हे पडताळलं. सोनोग्राफीत कर्ण्याच्या जागी कानाला न ऐकू येणारा ध्वनी असतो आणि रेल्वेच्या जागी धावणाऱ्या तांबड्या पेशी. त्यांच्यावर आपटून परत येणाऱ्या ध्वनीचा सूर किती बदलला, यावरून रक्ताचा वेग आणि दिशा कळते. नाळेतला प्रवाह या रीतीनं टिपल्याचं डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी 1977 साली छापलं. तिथून हे यंत्र प्रसूतिशास्त्रात शिरलं ते शिरलंच.

ताई : आता आकडे ऐक. कॉक्रेन नावाच्या संस्थेचा आढावा आहे. जोखमीच्या गरोदरपणावरच्या 19 चाचण्या, दहा हजारांवर बायका. डॉपलर वापरला तिथे बाळ दगावण्याचं प्रमाण 1.7 टक्क्यांवरून 1.2 वर आलं. जवळपास 29 टक्क्यांनी कमी. आणि तुझा लाडका आक्षेप, की डॉपलरमुळे सीझर वाढतात, तो इथे उलटा पडतो. या चाचण्यांत सीझर आणि कळा आणायला लावणं, दोन्ही थोडं कमीच झालं.

मावशी : कुणात? जोखमीच्या बायकांत. म्हणजे बीपी वाढलेली, बाळाची वाढ खुंटलेली. त्यांचा मी करतेच. 'जवळपास 29 टक्के' म्हणतेस तेव्हा हेही सांग, की एक बाळ वाचवायला सुमारे दोनशे बायकांचा डॉपलर करावा लागतो. ती दोनशे जणींची रांग जोखमीच्या बायकांची. ज्यांना काहीच नाही त्यांची रांग किती लांब होईल?

ताई : दोनशे तपासण्यांत एक बाळ हा सौदा मला स्वस्त वाटतो.

मावशी : मलाही. मी सौद्याविरुद्ध नाहीच. माझं म्हणणं रांगेविषयी आहे. बिनजोखमीच्या किंवा सरसकट सगळ्या बायकांवरचा कॉक्रेनचाच दुसरा आढावा तू गाळलास. पाच चाचण्या, चौदा हजारांवर बायका. आईला फायदा नाही, बाळाला फायदा नाही.

ताई : त्या चाचण्या जुन्या आहेत. मुख्यतः नाळच बघितली त्यात. मेंदूची धमनी कुणी पाहिली?

हा मुद्दा मला समजावून घ्यावा लागला. वारेकडून पुरवठा कमी पडू लागला की बाळ हातपाय, आतडी, मूत्रपिंड यांचा वाटा कापतं आणि मेंदूकडे जास्त रक्त वळवतं. डॉपलरमध्ये मेंदूच्या मधल्या धमनीतला, डॉक्टर जिला एमसीए म्हणतात तिचा, रोध उतरलेला दिसतो. सातव्या-आठव्या महिन्यात वार बिघडली तर नाळेचा आलेख आधी बोलतो. नवव्या महिन्यातल्या बिघाडात नाळ बऱ्याचदा नॉर्मल असते आणि एमसीए मात्र बदललेली. म्हणून दोन्हींचं गुणोत्तर काढतात. ताईचा आग्रह असा, की भरल्या दिवसांत अचानक दगावणाऱ्या बाळांपैकी काही या गुणोत्तरानं आधी हेरता येतील. मावशीचं म्हणणं, 'हेरता येतील' ही आशा आहे. आशेवर तपासणी सक्तीची करू नये.

ताई : आपल्याच देशात, आपल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं 2019 पासून 'संरक्षण' नावाचा कार्यक्रम चालवलाय. पहिल्या तिमाहीत आणि शेवटच्या तिमाहीत डॉपलर, गावागावांतल्या केंद्रांवर.

मावशी : चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले का त्यात? एका गटाचा डॉपलर, दुसऱ्याचा नाही?

ताई : नाही.

मावशी : मग काम चांगलं आहे एवढं म्हणते. पुरावा झाला असं नाही म्हणणार.

इथे ताई गप्प बसली. पण मावशी जिंकली असं मी लिहिणार नाही, कारण पुढच्याच मुद्द्याला तिची बाजू लंगडी पडली. तिनं स्वतःच विषय काढला.

मागे तिच्याकडे एक बाई आली. दुसरं बाळंतपण, पहिलं बाळ पोटातच गेलेलं. एकोणतिसावा आठवडा, पायावर सूज, बीपी 160/110, पोट तारखेपेक्षा लहान. मावशीनं बीपीची औषधं सुरू केली, बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून डेक्सामेथासोनचं पहिलं इंजेक्शन दिलं, मग स्वतःच्या मशीनवर नाळ पाहिली. आलेख रेषेला टेकलेला होता, खाली गेलेला नव्हता. तिनं 108 बोलावून बाईला अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं.

मावशी : सांगायचं एवढंच, की निर्णय बीपीच्या मशीननं आणि मोजपट्टीनं झाला. डॉपलरनं शिक्का मारला.

ताई : शिक्का? मावशी, बाई धोक्यात आहे हे बीपीनं सांगितलं. बाळाकडे किती दिवस आहेत, ते कुणी सांगितलं? रेषेला टेकलेला आलेख आणि खाली गेलेला आलेख यांत फरक दिवसांचा असतो. नुसता प्रवाह थांबला असेल आणि बाकी सगळं धड असेल, तर 32 ते 34 आठवड्यांपर्यंत नेता येतं. उलटा फिरत असेल तर 30 ते 32. तू तिला एकोणतिसाव्यातच मोकळी केली असतीस तर बाळ पेटीत किती दिवस राहिलं असतं? आणि महिनाभर थांबली असतीस तर राहिलंच असतं का?

मावशी : थांबलो आम्ही. इंजेक्शनांचे चारही डोस झाले. तिथे रोज एनएसटी (बाळाच्या ठोक्यांचा आलेख), एक दिवसाआड डॉपलर. बीपी हाताबाहेर गेलं तेव्हा सीझर केलं.

ताई : म्हणजे ते मधले दिवस डॉपलरनं मिळवून दिले.

मावशी : (थोडं थांबून) दिले. नाही म्हणत नाही.

वादाचा गाभा मला इथे दिसला आणि माझं मत ताईकडे झुकलं. डॉपलर आजार शोधतो त्याहून जास्त तो मुहूर्त सांगतो. बाळाला आत ठेवणं धोक्याचं आणि बाहेर काढणंही धोक्याचं, अशा कात्रीत सापडलेल्या आईसाठी त्याची खरी किंमत आहे. युरोपात ट्रफल नावाची चाचणी झाली. 26 ते 32 आठवड्यांच्या, वाढ खुंटलेल्या बाळांच्या 503 आया त्यात होत्या. प्रसूती कधी करायची, हे एका गटात एनएसटीवर ठरवलं, बाकीच्यांत बाळाच्या यकृताजवळच्या डक्टस व्हेनोसस या छोट्या शिरेच्या आलेखावर. दोन वर्षांनी, जगलेल्या मुलांपैकी मेंदूला इजा न झालेली मुलं डक्टसचा आलेख पूर्ण बिघडेपर्यंत थांबलेल्या गटात 95 टक्के निघाली, एनएसटीच्या गटात 85 टक्के. निकाल 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये आला.

मावशी : तीच चाचणी नीट वाच. थांबलेल्या गटांतही संगणकानं मोजलेली एनएसटी होतीच, राखणीला. माझ्या तालुक्यात संगणकावरची एनएसटी दाखव, मग मी डक्टसची वाट बघेन. अर्धवट उचललेली पद्धत माणसं मारते.

ताई : म्हणून तर वरच्या रुग्णालयात पाठवायचं. वेळेत.

मावशी : आणि वेळ मोजायची कशावरून? तारीखच ठाऊक नसेल तर? माझ्याकडे येणारी बाई सांगते, पोळ्याच्या आसपास पाळी चुकली. पोळ्याच्या आधी की नंतर? नंतर म्हणजे किती? पंधरा दिवसांचा फरक पडला तर तुझं 30 आणि 32 कुठे राहिलं? तीन डॉपलर करण्यापेक्षा तिसऱ्या महिन्यात एक साधी सोनोग्राफी करून तारीख पक्की केली असती, तर त्या पैशाचं चीज झालं असतं.

यावर दोघींचं एकमत झालं. अकरा ते तेरा आठवड्यांत बाळाची लांबी मोजून ठरवलेली तारीख सगळ्यांत भरवशाची. रिपोर्टवरचे सगळे निर्देशांक आठवड्यांच्या तक्त्याशी ताडून पाहायचे असतात. तारीख चुकली की निरोगी बाळ आजारी ठरतं, किंवा उलट.

ताई : आता माझा हुकमाचा एक्का. आरएच निगेटिव्ह आई. आधीच्या बाळंतपणात अँटी-डीचं इंजेक्शन राहून गेलं, आता पोटातल्या बाळाचं रक्त फुटतंय. तुमच्या काळी काय करायचात?

मावशी : पोटात सुई घालून गर्भजल काढायचं, त्याचा पिवळेपणा मोजायचा. पंधरा दिवसांनी परत. दर सुईला बाळ जाण्याची भीती.

ताई : आणि आता?

मावशी : आता एमसीएचा वेग. कबूल. शंभर टक्के कबूल. इथे वाद नाही.

रक्त पातळ झालं की ते वेगानं धावतं, एवढ्या साध्या गोष्टीवर ही तपासणी उभी आहे. 2000 साली मारी आणि सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये 111 जोखमीच्या बाळांचा अभ्यास छापला. मध्यम आणि तीव्र पंडुरोगाचं एकही बाळ या वेगमापनातून सुटलं नाही. सुमारे 12 टक्के वेळा मात्र धोका नसताना घंटा वाजली. वेग त्या आठवड्याच्या सरासरीच्या, काटेकोर बोलायचं तर मध्यकाच्या, दीडपट झाला की सावध व्हायचं. अट एकच : ध्वनीचा किरण धमनीच्या सरळ रेषेत हवा. कोन तिरपा झाला की वेग कमी भरतो आणि आजारी बाळ नॉर्मल दिसतं. ताई म्हणाली, तिच्याकडे दुसऱ्या मतासाठी येणाऱ्या रिपोर्टांत हा कोन ती सगळ्यांत आधी बघते.

मग मी दुसरा अडाणी प्रश्न टाकला. मावशीच्या भागातल्या ऊसतोड कामगार बायकांना यातलं काय मिळतं?

मावशी : दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. काही सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात. होळी-पाडव्याच्या आगेमागे परत. पोटुशी बाई पाचव्या महिन्यात जाते आणि बाळ घेऊन येते. किंवा न घेता येते. मी सप्टेंबरात तिचा डॉपलर केला आणि नॉर्मल आला, तर जानेवारीत पहाटे थंडीत मोळी उचलताना तो रिपोर्ट तिच्या काय कामाचा? वार बिघडते शेवटच्या तीन महिन्यांत. तेव्हा ती फडात असते. कार्डावर जोखमीचं लाल स्टिकर असतं, कार्ड पत्र्याच्या पेटीत असतं.

ताई : म्हणूनच पहिल्या तिमाहीतला डॉपलर. बाराव्या आठवड्यात गर्भाशयाच्या धमन्या बघायच्या, बीपी आणि रक्ताची तपासणी जोडायची. जिला पुढे बीपीचा धोका दिसतो, तिला सोळाव्या आठवड्याच्या आत रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, छत्तीसाव्यापर्यंत. 2017 सालची अस्प्री चाचणी, 1,776 बायका. सदतीस आठवड्यांच्या आतला प्रीक्लॅम्पसिया (गरोदरपणातल्या बीपीचा आजार) 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर. गोळ्या बरोबर देता येतात. फडातही घेता येतात.

मावशी : हे मला पटलंय. पण बघ, यात डॉपलरला फाटा देता येतो. आधी बीपी झालेलं, जुळं, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, एवढं विचारून मी अ‍ॅस्पिरिन सुरू करू शकते. काही बायका सुटतील. पण डॉपलरसाठी थांबून तिचा सोळावा आठवडा उलटण्यापेक्षा बरं.

ताई : काही नाही, बऱ्याच सुटतील. पहिलटकरणीला मागचा इतिहास कुठून आणायचा?

याचं उत्तर मावशीकडे नव्हतं, आणि ताईकडेही बाराव्या आठवड्यात त्या पहिलटकरणीला दवाखान्यात आणायचा उपाय नव्हता. आशाताई घरोघर जातात, दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तरी मावशीकडची बाई चौथ्या महिन्यात उगवते.

मशीनच फडावर न्यावं का, असं मी विचारलं आणि अचानक दोघींनी बाजू बदलल्या.

ताई : हातात मावणारा प्रोब आज मोबाइलला जोडता येतो. पण गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा तो हलवू देत नाही. नोंदणी झालेल्या जागेतच वापरायचा. दर सोनोग्राफीला भरायच्या फॉर्म एफमध्ये एक रकाना सुटला तरी गुन्हा. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, 2019 साली हरली.

मावशी : हरली ते बरं झालं.

ताई : मावशी!

मावशी : तू पुण्यात वाढलीस. 2011 च्या जनगणनेत माझ्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. राज्यात 894. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा केला महाराष्ट्रानं, 1988 साली, आणि तरी हे. 2012 साली परळीत बेकायदा गर्भपातात बाई मेली तेव्हा सगळ्या देशाला कळलं. आम्हाला आधीपासून माहीत होतं. नाळ बघायला नेलेलं मशीन वीतभर सरकवलं की दुसरंच काही दिसतं. फॉर्म एफ मी स्वतः भरते, रात्री बसून भरते, हात दुखतो. तरी तो सैल करा असं मी म्हणणार नाही.

ताई : मग बाई मशीनकडे येणार नाही आणि मशीन बाईकडे जाणार नाही.

मावशी : जाऊ शकतं. फिरत्या वैद्यकीय पथकाला नियमात जागा आहे, फक्त त्यात सोनोग्राफीबरोबर इतर आरोग्यसेवाही हव्यात. साखर कारखान्याच्या दारात महिन्यातून एकदा असं पथक उभं करायला काय हरकत आहे? नोंदणी करा, डॉक्टर ठेवा, फॉर्म भरा. कारखान्याला टोळ्यांची यादी असतेच.

मला ही सूचना आजच्या सगळ्या बोलण्यात सर्वांत कामाची वाटली. ताईनंही मान हलवली, मात्र 'तिथे डॉपलर वाचता येणारा डॉक्टर कोण पाठवणार' हे पुटपुटलीच.

एका घोळाविषयी दोघी मिळून रागावल्या. बाळाचे ठोके ऐकवणारं जे हातातलं छोटं यंत्र असतं, त्यालाही लोक डॉपलरच म्हणतात. त्यात चित्र नसतं, नुसता आवाज. उपकेंद्रातल्या नर्सबाईच्या हाती ते उत्तम आहे; जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळकांड्यापेक्षा गर्दीत ठोके चांगले ऐकू येतात. पण ते आता ऑनलाइन कुणालाही मिळतं आणि होऊ घातलेले आईबाप ते घरी वापरतात. आईच्याच नाडीचा आवाज बाळाचा समजला जातो. ठोके खरोखर बाळाचे असले, तरी जीव धोक्यात असलेल्या बाळाचं हृदयही शेवटपर्यंत धडधडत असतं. 2009 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अशाच एका आईची हकिगत आली होती : भरत आलेले दिवस, हालचाल कमी झालेली, घरच्या यंत्रावर ठोके ऐकून ती निर्धास्त राहिली आणि रुग्णालयात पोहोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं.

ताई : आणि दुसऱ्या महिन्यात हौसेनं ठोके ऐकवणारे आमचेच डॉक्टर. पल्स डॉपलरची ऊर्जा साध्या सोनोग्राफीपेक्षा जास्त असते, ऊती तापतात. एवढ्या लहान गर्भावर कारणाशिवाय लावूच नये. एम-मोडवर ठोके मोजता येतात.

मावशी : व्हिडिओ लागतो ना लोकांना, स्टेटसला.

मावशी-भाचीत शेवटपर्यंत तडजोड झाली नाही. ताई आजही म्हणते, की नवव्या महिन्यात प्रत्येकीचा एक डॉपलर व्हावा. मावशी म्हणते, आधी प्रत्येकीचं बीपी दर खेपेला नीट मोजलं जाऊ दे. माझा कौल विचाराल तर असा : बीपी, मधुमेह, जुळी, वाढ खुंटलेली, आरएचचा त्रास, आधी पोटात गेलेलं बाळ, यांपैकी काही असेल तर डॉपलर टाळणं हा निष्काळजीपणा आहे. यातलं काही नसताना महिन्यात तीनदा करणं हा धंदा आहे. मधल्या जागेत, भरल्या दिवसांच्या धडधाकट आईविषयी, ताई उद्या बरोबर ठरू शकेल. आज तसं ठामपणे म्हणण्याएवढा पुरावा नाही.

डॉपलरची चिठ्ठी हातात पडली तर डॉक्टरांना विचारायला लाजू नका : कशासाठी करायचा, कुठली रक्तवाहिनी बघणार, आणि रिपोर्ट वाईट आला तर पुढे काय बदलणार. चांगला डॉक्टर दोन मिनिटांत उत्तर देतो. आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर कालचा डॉपलर नॉर्मल होता म्हणून थांबू नका, घरचं यंत्र लावून बघू नका, सासूबाईंच्या परवानगीचीही वाट पाहू नका. त्याच दिवशी, रात्र असेल तर त्याच रात्री, दवाखाना गाठा.